मालिका बुडते, तेव्हा नुकसान कोणाचे?

घोडबंदर हे नाव घोड्यांच्या व्यापारावरून पडले, असे परंपरेने सांगितले जाते. पोर्तुगीजांच्या अमलात येथील खाडीतून माल चढे-उतरे. 1737 मध्ये मराठ्यांनी येथील किल्ला जिंकला, 1818 नंतर इंग्रजी अंमल आला आणि बंदराचे महत्त्व ओसरत गेले. आज या गावाच्या शेजारून जाणाऱ्या रस्त्यावर जो माल दिसतो तो निराळ्याच व्यापाराचा आहे. प्लायवूडच्या भिंती, थर्माकोलचे खांब, जनरेटरच्या गाड्या, कलावंतांच्या व्हॅनिटी गाड्या आणि पहाटे शिफ्टला निघालेल्या माणसांनी भरलेले टेम्पो. मीरा रोडपासून ठाण्यापर्यंतच्या पट्ट्यातील बंगले, गाळे आणि स्टुडिओ यांत दूरचित्रवाणीवरील मालिकांची कित्येक खोटी घरे उभी राहतात आणि मालिका संपली की भुईसपाट होतात. त्या घरांतील सुना आणि सासवा साऱ्या देशाला ठाऊक असतात. ती घरे ठोकणारे हात मात्र कोणास ठाऊक नसतात.

यंदा पदवीच्या वर्गात नफ्याची उपपत्ती शिकवीत असताना एका विद्यार्थ्याने प्रश्न विचारला. त्याचे वडील सेटवर सुतारकाम करतात. तो म्हणाला, "सर, धोका मालक पत्करतो म्हणून नफा मालकाचा, असे पुस्तकात आहे. मग मालिका अचानक बंद पडली की मजुरी बाबांची का थांबते?" वर्गात थोडा हशा पिकला. परंतु प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. त्याचे समाधानकारक उत्तर त्या दिवशी मला देता आले नाही. प्रस्तुत लेख हा ते उत्तर शोधण्याचा एक प्रयत्न आहे.

अल्पायुषी मालिकांचे उदाहरण घ्यावयाचे तर 2017 मधील ‘पहरेदार पिया की’ या हिंदी मालिकेइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. सोनी वाहिनीवर 17 जुलै 2017 रोजी, रात्री साडेआठ या मोक्याच्या वेळेस, ती सुरू झाली. राजस्थानातील एका संस्थानिक घराण्याचा नऊ वर्षांचा वारस आणि त्याच्या जिवाचे रक्षण करण्यासाठी त्याच्याशी विवाह करणारी अठरा वर्षांची तरुणी, असे तिचे कथानक होते. ही तरुणी रंगविणारी तेजस्वी प्रकाश ही मुंबईचीच मराठी अभिनेत्री. विवाहानंतरच्या प्रथा आणि मधुचंद्र यांचे उल्लेख कथेत येऊ लागताच प्रेक्षकांतून तीव्र प्रतिक्रिया उमटली. हजारो लोकांच्या सह्यांचे निवेदन तत्कालीन माहिती व नभोवाणी मंत्री स्मृती इराणी यांच्याकडे गेले. त्यांनी प्रक्षेपणविषयक तक्रारींचा विचार करणाऱ्या वाहिन्यांच्याच स्वयंनियामक परिषदेला तातडीने लक्ष घालण्यास सांगितले. मालिका रात्री दहा वाजता दाखवावी आणि आपण बालविवाहाचा पुरस्कार करीत नाही अशी ओळ पडद्यावर चालवावी, असा आदेश परिषदेने दिला. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ऑगस्ट संपण्यापूर्वीच, वाहिनीने मालिकाच बंद केली. साऱ्या संसाराचे आयुष्य अवघे सहा आठवड्यांचे!

या घटनेकडे त्या वेळी बहुतेकांनी दोन बाजूंनी पाहिले. एका पक्षाला तो लोकमताचा विजय वाटला. दुसऱ्याला तो कलास्वातंत्र्यावरील घाला वाटला. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात काही तथ्य होते. परंतु तिसरी एक बाजू होती, आणि तिचा उच्चार जवळजवळ कोणीच केला नाही. सहा आठवड्यांत मिटलेल्या या खात्याचा तोटा अखेर कोणाच्या नावे पडला, ही ती बाजू.

आक्षेप योग्यच होता

प्रथम हे स्पष्ट केले पाहिजे की, मालिकेवरील आक्षेप अनाठायी होता असे प्रस्तुत लेखकाचे मत नाही. बालविवाह हा विषयच पडद्यावर येऊ नये, असे अर्थातच कोणी म्हणणार नाही. आपल्याकडे 2012-13 मध्ये झी मराठीवर ‘उंच माझा झोका’ ही मालिका गाजली. तिच्या कथेचा आरंभ बालविवाहानेच होतो. 1873 मध्ये रमाबाई रानडे यांचा विवाह झाला तेव्हा त्यांचे वय अवघे 11 वर्षांचे आणि न्यायमूर्ती माधवराव रानडे यांचे 31 वर्षांचे होते. ज्या माधवरावांनी पुढे 1892 मध्ये पुण्यात भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान देऊन या देशातील अर्थविचाराचा पाया घातला, त्यांनाही स्वतःच्या घरात रूढीपुढे मान तुकवावी लागली. हे वैगुण्य त्या मालिकेने झाकले नाही. त्यातूनच एका स्त्रीच्या शिक्षणाची आणि कर्तृत्वाची कथा उभी केली. ‘बालिका वधू’ ही हिंदी मालिका तर 2008 पासून 2016 पर्यंत, म्हणजे तब्बल आठ वर्षे चालली.

फरक विषयाचा नव्हता, दृष्टीचा होता. प्रथेची किंमत कोणी चुकती केली, हे एके ठिकाणी दाखविले गेले. दुसऱ्या ठिकाणी त्याच प्रथेला रक्षणाचा आणि त्यागाचा मुलामा देण्यात आला. 2006 च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानुसार 21 वर्षांखालील मुलगा हा विवाहापुरता बालकच असतो. नऊ वर्षांच्या मुलाचा विवाह आणि तोही कुटुंब एकत्र जेवावयास बसते त्या वेळी, हे प्रेक्षकांना रुचले नाही तर त्यात नवल नाही. प्रेक्षकांनी निषेध नोंदविला, परिषदेने वेळ बदलण्याचा आदेश दिला, इथपर्यंत सारे यथायोग्य झाले. मंत्र्यांनी स्वयंनियामक परिषदेला घाई करण्यास सांगावे की नाही, याविषयी मतभेद होऊ शकतात. सरकारच्या सूचनेला आपल्याकडे सूचनेपेक्षा अधिक वजन असते, हे विसरून चालणार नाही. परंतु परिषदेने मालिका बंद करण्यास सांगितले नव्हते, ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. बंद करण्याचा निर्णय वाहिनीचा होता. आणि असले निर्णय हिशेबाच्या वहीत होतात.

हिशेब कसा असतो?

हा हिशेब सामान्य वाचकाला क्वचितच कोणी समजावून सांगतो. दूरचित्रवाणीच्या बाजारात प्रेक्षक हा खरा ग्राहक नसतो. खरा ग्राहक जाहिरातदार. प्रेक्षकांचे लक्ष हा त्याला विकला जाणारा माल. या मालाचे मोजमाप निवडक घरांत बसविलेल्या यंत्रांनी होते आणि त्याचे आकडे दर आठवड्याला हाती येतात. साडेआठच्या वेळेस लावलेली मालिका दहा वाजता ढकलली की जाहिरातीच्या दराचे गणितच बदलते. त्यातच मालिकेभोवती वाद असेल तर साबण आणि बिस्किटे विकणारे आपले नाव तिच्याशी जोडण्यास कचरतात. अशा वेळी मालिका चालू ठेवण्यापेक्षा बंद करणे स्वस्त पडते. यात वाहिनीचे काही चुकले असेही नाही. कोणताही व्यापारी हेच करील.

आता निर्माता पाहू. सर्वसाधारण पद्धत अशी की, वाहिनी निर्मात्याला दर भागामागे ठरावीक रक्कम देते आणि मालिकेचे हक्क स्वतःकडे ठेवते. निर्माता सेट उभारतो, माणसे लावतो आणि खर्च पुढील भागांवर वाटून टाकतो. समजा, सेटसाठी एक कोटी रुपये लागले. मालिका 500 भाग चालली तर दर भागावर 20 हजारांचा बोजा पडेल. ती 25 भागांत आटोपली तर तोच बोजा चार लाखांचा होईल. हे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतलेले आहेत. पण त्यांतील तत्त्व खरे आहे. म्हणजे निर्मात्याचाही तोटा होतो, आणि तो लहान नसतो. तथापि बहुतेक मोठ्या निर्मात्यांच्या हाती एकाहून अधिक मालिका असतात; एकीतील खोट दुसरीतून भरून निघू शकते. वाहिनीची गोष्ट तर विचारावयासच नको. ‘पहरेदार पिया की’ बंद झाल्यावर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याच वाहिनीने तीच नायिका घेऊन ‘रिश्ता लिखेंगे हम नया’ ही मालिका सुरू केली. वाहिनीला आणि निर्मात्याला पुन्हा डाव मांडता येतो, तो असा.

या उतरंडीच्या तळाशी उरतात ते सुतार, रंगारी, लाईटमन, स्पॉटबॉय, मेकअपदादा, ड्रेसदादा, लहानसहान भूमिका करणारे कलावंत. यांतील पुष्कळांची मजुरी शिफ्टवर ठरते आणि शिफ्ट बारा तासांची असते. कलावंतांना कामाचे पैसे तीन-तीन महिन्यांनी मिळण्याची प्रथा या धंद्यात रूढ झालेली आहे. म्हणजे जो सर्वांत गरीब, तोच धनकोही! आपल्या घामाचे तीन महिन्यांचे बिनव्याजी कर्ज त्याने धंद्याला द्यावयाचे. आणि मालिका मध्येच मिटली की ते कर्ज वसूल करीत दारोदार फिरावयाचे.

फ्रँक नाइट या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1921 मध्ये नफ्याची जी मीमांसा केली, ती आमच्या पाठ्यपुस्तकांत अजून शिकविली जाते. उद्योजक अनिश्चितता अंगावर घेतो, त्याबदली इतरांना ठरावीक मोबदल्याची हमी देतो, आणि म्हणून उरलेला नफा त्याचा, असे तिचे सार आहे. या मीमांसेतील मधला दुवा फार महत्त्वाचा आहे. ठरावीक मोबदल्याची हमीच नसेल, तर नफ्यावरील हक्काचा नैतिक आधारही उरत नाही. मालिकांच्या धंद्यात अनिश्चितता खालच्या माणसाकडे आणि नफा वरच्याकडे, अशी उलटी वाटणी झालेली आहे. त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर हे आहे: पुस्तक चुकलेले नाही, त्याच्या वडिलांचा धंदा पुस्तकाप्रमाणे चाललेला नाही.

अल्पायुष्य हा दोष नव्हे

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. मालिका लवकर संपणे ही काही आपत्ती नव्हे. किंबहुना लवकर संपणाऱ्या मालिका अधिक व्हाव्यात, असेच पुष्कळ प्रेक्षकांना वाटत असेल. मुंबई दूरदर्शनचे केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. त्यानंतरच्या काळात तेरा भागांची मालिका हा सर्वपरिचित साचा होता. 7 जुलै 1984 रोजी सुरू झालेल्या ‘हम लोग’ने देशाला दीर्घ कौटुंबिक मालिकेची चटक लावली, तीही दीड वर्षाच्या आत संपली. मनोहर श्याम जोशी यांच्या लेखणीतून उतरलेल्या त्या मालिकेमागे मेक्सिकोतील लोकशिक्षणपर मालिकांचा आदर्श होता. आणि मेक्सिकोच्या त्या परंपरेत कथेला शेवट असतो. शेवट नसलेली कथा ही नंतरची देणगी. 3 जुलै 2000 रोजी सुरू झालेली ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ नोव्हेंबर 2008 पर्यंत चालली आणि 2025 मध्ये पुन्हा अवतरली, यावरून बाजाराचा कल ध्यानी यावा.

तेव्हा तेरा भागांची मालिका आणि सहा आठवड्यांत बंद पडलेली मालिका यांचे आयुष्य कदाचित सारखेच असेल. पण दोहोंत महत्त्वाचा भेद आहे. पहिलीचा शेवट कामगाराला पहिल्या दिवशी ठाऊक असतो. तो त्या बेताने पुढचे काम पाहतो, मुलाच्या फीची तजवीज करतो. दुसरीचा शेवट त्याला एखाद्या संध्याकाळी फोनवर कळतो. आयुष्य थोडे असणे आणि आयुष्याचा भरवसाच नसणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी नियोजन पुरते. दुसरीसाठी विमा लागतो.

कायदा कोठे होता?

या माणसांना कायद्याचे संरक्षण नव्हते काय? होते आणि नव्हतेही. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने कामावरून कमी केलेल्या कामगाराला दर वर्षाच्या सेवेमागे 15 दिवसांच्या वेतनाची भरपाई दिली होती. पण त्यासाठी वर्षात 240 दिवसांची सलग सेवा आवश्यक होती. आज या सेटवर, उद्या त्या सेटवर अशी ज्याची मजुरी, त्याचे एका मालकाकडे 240 दिवस भरणार केव्हा? मुंबईच्या गिरण्यांतील बदली कामगारांचे दुःख ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हा प्रकार नवा वाटणार नाही. चित्रपट कामगारांसाठी 1981 मध्ये लेखी कराराची सक्ती करणारा स्वतंत्र कायदा झाला; परंतु त्याची रचना मोठ्या पडद्यावरील कथापट डोळ्यांसमोर ठेवून केलेली होती. ज्या काळी दूरदर्शन हीच एकमेव वाहिनी होती, त्या काळच्या कायद्याकडून याहून अधिक अपेक्षा करणेही चूकच.

2020 मध्ये संसदेने संमत केलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहितेने ही उणीव बऱ्याच अंशी दूर केली. दूरचित्रवाणीवरील आणि इंटरनेटवरील मालिकांसाठी काम करणाऱ्यांना तिने ‘दृकश्राव्य कामगार’ म्हणून ओळख दिली, लेखी करार आणि त्याची नोंदणी बंधनकारक केली. ही संहिता प्रत्यक्ष अमलात येण्यास मात्र 21 नोव्हेंबर 2025 हा दिवस उजाडावा लागला. मधल्या पाच वर्षांत काय काय घडले हे सांगावयास नको. मार्च 2020 मध्ये साथीमुळे चित्रीकरण थांबले. एप्रिल 2021 मध्ये महाराष्ट्रात पुन्हा बंदी आली तेव्हा अनेक मालिकांनी गोव्यासारख्या ठिकाणी मुक्काम हलविला आणि मागे राहिलेल्यांची चूल थंडावली.

संहिता आली हे स्वागतार्हच आहे. परंतु लेखी करार कामगाराला काय मिळावयाचे ते सांगतो. मालिकाच संपली तर ते कोण देणार, याची तजवीज त्यात नाही. कराराचा कागद हाती असलेला सुतार एखाद्या मोठ्या निर्मात्याविरुद्ध दाद मागू शकेल हे खरे. पण उद्याचे काम बहुधा त्याच वर्तुळातून मिळावयाचे असल्याने तो दाद मागणार नाही, हे अधिक खरे.

माथाडींचा धडा

यावरील उपाय शोधण्यासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. तो आपल्या महाराष्ट्रातच, 1969 साली सापडलेला आहे. माथाडी कामगारांची अडचण नेमकी हीच होती: काम रोज निराळ्या व्यापाऱ्याकडे, मालक असा एकही नाही. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून आणि त्या वेळच्या राज्य शासनाच्या दूरदृष्टीतून माथाडी कायदा झाला. शासन, मालक आणि कामगार यांचे त्रिपक्षीय मंडळ. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरील ठरावीक टक्के अधिभार मंडळाकडे भरावयाचा. मंडळाने मजुरी कामगाराला द्यावयाची आणि अधिभारातून भविष्यनिर्वाह निधी, रजा, औषधपाणी यांची व्यवस्था करावयाची. मालक बदलत राहिला तरी कामगाराचे खाते बदलत नाही, हे या योजनेचे मर्म.

हाच सांगाडा मालिकांच्या धंद्याला का लावू नये? प्रत्येक मालिकेच्या आरंभी वाहिनी आणि निर्माता यांनी मिळून, समजा, एक महिन्याच्या एकूण मजुरीइतकी रक्कम मंडळाकडे अनामत ठेवावी. मालिका ठरलेल्या मुदतीपर्यंत चालली तर ती परत मिळावी. मध्येच मिटली तर त्यातून कामगारांची थकलेली मजुरी आणि काही आठवड्यांची भरपाई दिली जावी. एकाच अटीचे हे काम आहे. आणि ज्या धंद्यात एका सेटवर कोटीची भाषा होते त्याला ते जड जाऊ नये.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, असा बोजा टाकला तर धंदा राज्याबाहेर जाईल. 2021 चा अनुभव याचे उत्तर देतो. बंदी आली तेव्हा मालिका बाहेर गेल्या हे खरे. पण बंदी उठताच त्या परतल्या. कुशल माणसे, भाड्याचे सामान, कलावंतांची घरे हे सारे जेथे एकत्र नांदते तेथे धंद्याचे मूळ रुजते, असे आल्फ्रेड मार्शलने फार पूर्वी दाखवून दिले आहे. घोडबंदरच्या पट्ट्यात ते मूळ आता खोल गेलेले आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. माथाडीच्या नावाखाली पुढे काही ठिकाणी खंडणीखोरी माजली, कामाशी संबंध नसलेली माणसे मजुरी मागू लागली, ही वस्तुस्थिती आहे. म्हणूनच नोंदणी प्रत्यक्ष शिफ्टच्या हजेरीशी जोडावी, पैसे थेट बँकेच्या खात्यात जावेत आणि मंडळाचे हिशेब दरवर्षी जाहीर व्हावेत. दुरुपयोग झाला म्हणून योजनाच टाकून देणे म्हणजे उंदीर झाले म्हणून कोठारच पाडण्यासारखे आहे.

जे वाचले, त्यांनी भरावे

बंदराच्या गावात राहून सागरी व्यापाराची एक फार जुनी रीत आठवल्याखेरीज राहत नाही. वादळात सापडलेले जहाज वाचविण्यासाठी त्यातील काही माल समुद्रात फेकून द्यावा लागला, तर तो तोटा केवळ त्या मालाच्या धन्याने सोसावयाचा नाही. जहाज आणि उरलेला माल ज्यांचा वाचला त्या सर्वांनी आपापल्या हिश्शाप्रमाणे तो वाटून घ्यावयाचा. भूमध्य समुद्रावरील व्यापाऱ्यांनी ही रीत दोन हजार वर्षांपूर्वी पाळली आणि आपल्या 1963 च्या सागरी विमा कायद्यातही तिला स्थान आहे. 2017 मध्ये लोकक्षोभाचे वादळ उठले तेव्हा वाहिनीने आपले जहाज वाचविण्यासाठी एक मालिका समुद्रात टाकली. जहाज वाचले. वाहिनीची प्रतिष्ठा वाचली, जाहिरातदारांची नावे वाचली, प्रेक्षकांच्या मनाची शांतीही वाचली. तोटा मात्र वाटला गेला नाही.

प्रेक्षक म्हणून आपल्याला नापसंत मालिका बंद पाडण्याचा अधिकार आहे आणि तो राहिला पाहिजे. किंबहुना तो अधिकार निःशंक मनाने बजावता यावा, यासाठीच ही तजवीज हवी. ज्या निषेधाची किंमत निर्णय घेणारा भरतो, तो निषेध न्याय्य. ज्याची किंमत सेटच्या मागे खिळे ठोकणारा भरतो, त्या निषेधाच्या विजयात थोडा अन्यायही मिसळलेला असतो. घोडबंदरच्या रस्त्यावरून मोडलेल्या सेटच्या फळ्या घेऊन जाणारा टेम्पो दिसला, तर एवढा एक प्रश्न तरी आपण विचारावा: याचे पैसे चुकते झाले का?